ऑर्गनच्या बाजूची खुर्ची

गद्य नाटकाचं तिकीट काढणं आणि संगीत नाटकाचं तिकीट काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गद्य नाटकाला आलेला माणूस "मधली द्या, जरा पुढची द्या" एवढं बोलून मोकळा होतो. संगीत नाटकाला आलेला माणूस आधी विचारतो, "ऑर्गन कुठल्या बाजूला आहे?" मग खिडकीतला माणूस फुल्या मारलेला प्लॅन त्याच्याकडे फिरवतो आणि मागची रांग सुस्कारे टाकू लागते, कारण आता चर्चा होणार असते. ऑर्गनच्या बाजूला बसलं तर सूर स्वच्छ मिळतो, पण तबला लांब जातो. तबल्याच्या बाजूला बसलं तर लग्गी झकास ऐकू येते, पण नटाचा सूर लागला की हुकला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि ते सांगता आलं नाही तर मध्यंतरात बटाटेवड्याबरोबर बोलायचं काय?

हल्ली तिकिटं मोबाइलवर निघतात. पडद्यावर हिरवे-राखाडी चौकोन दिसतात आणि वरच्या अंगाला रंगमंचाची एक रेघ. कुठल्या खुर्चीपुढे खांब आहे, कुठल्या खुर्चीची बैठक खाली पडत नाही, कुठल्या खुर्चीवर एसीचं पाणी ठिबकतं, यातलं काहीच तिथे नसतं. ऑर्गन तर नसतोच. आमचे एक मामा तरीही हार मानत नाहीत. ते घरबसल्या मिळेल ते तिकीट काढतात, प्रयोगाला अर्धा तास आधी पोहोचतात आणि डोअरकीपरला विचारतात, "पेटीवाले आले का? कुठे मांडतायत?" उत्तर मिळालं की ऑर्गनच्या बाजूचा एखादा भिडस्त चेहरा हेरतात. "तुम्हाला तिकडून जास्त चांगलं दिसेल हो," असं सांगून त्याला उठवतात. तो बिचारा खांबामागे जाऊन बसतो.

आपल्याकडे संगीत नाटकाचे साथीदार रंगमंचाच्या खाली, प्रेक्षकांच्या पुढ्यात बसतात. एका टोकाला ऑर्गन, दुसऱ्या टोकाला तबला. प्रेक्षकांकडे पाठ, नटांकडे तोंड, कारण नट कुठल्या क्षणी कुठली तान घेईल याचा भरवसा नसतो. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते. तेव्हा पहिल्या रांगेतल्या माणसाला रंगमंचावरचं काही दिसलं नसतं तरी त्याचे पैसे वसूल होते. आज पहिल्या रांगेत बसणाऱ्याला ऑर्गनवरची पाण्याची बाटली दिसते, वहीवर वाकलेला छोटा दिवा दिसतो, वादकाचं डोकं दिसतं आणि त्या सगळ्याच्या वर कमरेपासून वरची सुभद्रा दिसते. सुभद्रा विरहानं खाली बसली की संपलं, मग नुसता विरह ऐकू येतो. शिवाय मान सतत वर. पहिली रांग मान्यवरांसाठी राखून ठेवतात त्याचं कारण हेच असावं असा माझा संशय आहे. मान्यवर तसेही पहिल्या अंकानंतर निघून जातात.

कडेच्या खुर्चीची लोक उगाच कीव करतात. तिथून एका तिकिटात दोन नाटकं दिसतात: एक रंगमंचावरचं आणि एक समोरच्या विंगेतलं. मधल्या रांगेतल्या प्रेक्षकांना घटोत्कच एकदम दिसतो, गर्जना करत येताना. कडेच्या प्रेक्षकांना तो पाच मिनिटं आधीपासून दिसत असतो. गदा काखेत, चहाचा ग्लास दोन्ही हातांत, चिकटवलेली मिशी भिजू नये म्हणून ओठ पुढे काढून तो फुरफुर चहा पीत असतो. मग एकदम ग्लास कुणाच्या तरी हातात देऊन डरकाळी फोडत आत शिरतो. मधल्या रांगांतली लहान मुलं आईला बिलगतात. आमच्या पुढच्या रांगेत कडेला बसलेली एक चिमुरडी शांतपणे म्हणाली, "आई, त्याचा चहा संपला."

बाल्कनीतून आणखी एक ज्ञान मिळतं: राजवाड्याला छप्पर नसतं. खालच्यांना ज्या भिंती आकाशापर्यंत गेलेल्या वाटतात, त्या दहा फुटांवर संपतात आणि त्यांच्यामागे हाफपँट घातलेला एक मुलगा राजवाडा हातानं धरून उभा असतो. गाणं मात्र वर सगळ्यात चांगलं ऐकू येतं, असं जाणकार सांगतात. बहुतेक जाणकारांना बाल्कनीचंच तिकीट परवडतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

पुढे बसावं की मागे, हा वाद नाटकाइतकाच जुना असणार. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा मांडणी म्हणजे जवळजवळ एक पडदा. पदं सूत्रधारच म्हणायचा, पात्रं त्यावर बोलायची. त्या धर्तीच्या पौराणिक खेळांतला राक्षस आरोळ्या ठोकत आणि राळेचा भडका उडवत प्रवेश करायचा. तेव्हा पुढची जागा पकडायची तर भुवयांची जबाबदारी स्वतःची. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगवले आणि पदं सूत्रधाराकडून पात्रांच्या गळ्यात गेली. पदांची संख्या दोनशेच्या आसपास. त्यावर वन्स मोर. पुढच्या काळात कोंबडा आरवेपर्यंत नाटकं चालायची ती यामुळे. लोक रात्रभर अवघडून बसायचे आणि सकाळी कचेरीत जाऊन खुर्चीत झोपायचे. आजचा प्रेक्षक नाट्यगृहातल्या खुर्चीतच झोपतो. खुर्च्या सुधारल्या एवढाच त्याचा अर्थ.

मग रंगवलेल्या पडद्यांचं राज्य आलं. रस्ता, राजवाडा, बाग, अरण्य असे चार पडदे गुंडाळून घेतले की कंपनी मुलूखभर हिंडायला मोकळी. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी पडदे रंगवले. बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले. पडद्यावर इतकी मेहनत घेतल्यावर त्याच्यापुढे माणसं उभी राहून तो झाकतात, हे बघवलं नसेल. रंगीत पडद्याला दोनच खोडी होत्या. पंख्याचा वारा लागला की राजवाडा पोटातून हसल्यासारखा हलायचा. आणि पडदा बदलला तरी त्याच्यापुढचं सामान बदलतंच असं नाही. 'सौभद्र' १८८२ सालचं. त्यात घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात नेतो. एका हौशी मंडळाच्या प्रयोगात तिच्याबरोबर द्वारकेतला कोचही रानात गेलेला मी पाहिला. अरण्याचा पडदा खाली आला, दिवे हिरवे झाले, आणि मधोमध मखमली गादीचा कोच. घटोत्कचानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि बसून घेतलं. टाळी पडली.

बालगंधर्वांना असलं काही चालत नसे. भरजरी वस्त्रं, गालिचे, अत्तरं, सगळं अस्सल. १९२० च्या 'द्रौपदी'च्या थाटमाटावर कंपनीनं पाण्यासारखा पैसा ओतला आणि पुढे मंडळी कर्जात रुतली त्यात या हौसेचाही वाटा होता. तरी मला एक गोष्ट गमतीची वाटते. मराठी माणूस ज्या प्रयोगाचं नाव आजही कानाला हात लावून घेतो, तो ८ जुलै १९२१ चा 'संयुक्त मानापमान'. मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी खेळ, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. शंभरहून अधिक वर्षं झाली, त्या रात्रीच्या गाण्यांची वर्णनं संपत नाहीत. त्या रात्री मागे पडदा कुठला होता याबद्दल कुणी एक शब्द बोललेलं तुम्ही ऐकलं आहे?

पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, ललितकलादर्शनं मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं आणि त्यासाठी पु. श्री. काळे यांनी तीन भिंतींची खरीखुरी खोली उभी केली. खरी खोली म्हटल्यावर दार आलं, आणि दार आल्यापासून मराठी नटाच्या आयुष्यातली शांतता गेली. पडद्याच्या मागे जाता येतं. दार मात्र उघडावं लागतं. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं. नायिका हृदय पिळवटणारं पद संपवून दाराकडे वळते, दार ओढते, पुन्हा ओढते, प्रेक्षकांकडे पाहून करुण हसते. आता या खोलीतून सुटका नाही हा अर्थ त्या प्रसंगाला आपोआप येतो आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी "दिग्दर्शकानं काय प्रतीक वापरलंय" असं म्हणतं. एका नटीनं असं दार दोनदा ओढून पाहिलं आणि सरळ खिडकीतून पाय टाकून ती निघून गेली. भूमिका सोवळ्या आत्याबाईंची होती.

खरं विचाराल तर संगीत नाटकाची मांडणी फार वर्षं नेपथ्यकारानं केलीच नाही. ती माइकनं केली. बालगंधर्व आणि केशवराव नुसत्या गळ्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे. पुढे माइक आले, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मधे वरून लोंबकळणारा. त्या दिवसापासून बागेतला दगडी बाक कुठे ठेवायचा हे वायरच्या लांबीवर ठरू लागलं. नायक-नायिका कितीही भांडलेले असोत, पद आलं की दोघंही लोंबत्या माइकखाली एकमेकांना खेटून उभे. कारस्थानी मामा रंगमंचाच्या कोपऱ्यात कुजबुजत असायचा तो अचानक कुजबुजायला मधे यायचा. आता कॉलर माइक आले. पात्रं मोकळी झाली, पण नवी अडचण अशी की विंगेत गेल्यावर तो बंद करायला कुणीतरी विसरतं. शकुंतला सासरी जायला निघाली, सगळे डोळे टिपतायत, आणि कण्वमुनींचा आवाज दाही दिशांनी येतो, "गाडी रिव्हर्स घेऊन ठेव रे."

चमत्काराचे प्रसंग हा तर स्वतंत्र खात्याचा विषय. जगन्नाथ पंडितानं 'गंगालहरी'चा एकेक श्लोक म्हटला आणि गंगा एकेक पायरी वर आली, बावन्न श्लोकांत बावन्न पायऱ्या, अशी आख्यायिका आहे. ऐकायला सुंदर, करून दाखवायला महाकठीण. आमच्याकडच्या गणेशोत्सवात ती एकदा निळ्या कापडाची केली होती. दोन्ही विंगांतून दोन मुलं कापड धरून हळूहळू उचलत होती. डावीकडचा मुलगा उंच, उजवीकडचा बुटका, त्यामुळे गंगा सुरुवातीपासूनच तिरकी. चौथ्या पायरीवर ती खिळ्याला अडकली. पंडितराज अनुभवी होते. त्यांनी तोच श्लोक तीनदा म्हटला, तिसऱ्यांदा जरा ओरडूनच. उंच मुलानं हिसका दिला, गंगा फाटली आणि तिच्यातून विजेची पेटी, एक बादली आणि मंडळाचे खजिनदार प्रकट झाले. खजिनदारांनी हात जोडले. आजही आमच्या भागात तो प्रयोग खजिनदारांमुळेच ओळखला जातो.

अशा वेळी 'घाशीराम कोतवाल'ची थोरवी कळते. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात हे नाटक आलं, आणि जब्बार पटेलांनी पडदा म्हणून ब्राह्मणांची रांगच उभी केली. माणसं गात, नाचत, झुलत, मागचं झाकत आणि हवं तेव्हा उघडं करत. फाटायला कापड नाही, फुगायला प्लायवूड नाही, खिळ्याला अडकायचं तर अडकेल शेंडी. रंगमंचावर सामान नसलं की प्रेक्षक शोधाशोध थांबवून माणसांकडे बघतो. अलीकडे, २०१७ पासून, 'संगीत देवबाभळी'नं तेच वेगळ्या रीतीनं सिद्ध केलं. प्राजक्त देशमुखांचं नाटक, रंगमंचावर दोनच बायका: तुकोबांची आवली आणि तिच्या घरी राबायला आलेली, खरी कोण ते आवलीला ठाऊक नसलेली लखुबाई. प्रदीप मुळ्यांचं नेपथ्य स्वतःकडे बोट दाखवत नाही. त्या प्रयोगाला माझ्या शेजारच्या काकूंनी पहिल्या अंकाआधी वेफर्सचं पाकीट फोडायला घेतलं होतं. ते मध्यंतरापर्यंत अर्धं फोडलेलंच हातात होतं. नाटकाला याहून मोठा पुरस्कार मला माहीत नाही.

परदेशी थाटाचं संगीत नाटकही आता मुंबईत बसून पाहता येतं. २०२३ मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' वांद्रे-कुर्ला संकुलात आलं तेव्हा आम्ही गेलो. खुर्ची अशी की उठवेना, भिंती अशा सरकतात की आवाज नाही. सगळं सेकंदाबरहुकूम. एक गाणं रंगलं तेव्हा आमच्या मामांनी सवयीनं "वन्स मोर!" अशी आरोळी दिली. चार रांगा मागे वळल्या. नट पुढच्या वाक्यावर गेलेसुद्धा. मामा घरी येईपर्यंत एकच म्हणत होते, "यांच्याकडे भिंत दोनदा सरकते आणि गाणं एकदाच, हे काही बरोबर नाही." मला त्यांचं म्हणणं पटलं.

शेवटी नेपथ्य कितीही ग्रेट असो, प्रत्येक प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर आधी असतं ते पुढच्या माणसाचं डोकं. त्यात आता गजऱ्याची जागा मोबाइलनं घेतली आहे. गजरा निदान सुगंध द्यायचा. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत चार्ल्स कोरियांनी यावर नामी तोड काढलीय: प्रेक्षागृहाच्या भिंतींवर जुन्या थिएटरसारखे सज्जे आणि त्यांत बसलेली माणसं रंगवून घेतलीयत. ही मंडळी वेळेवर येतात, खोकत नाहीत, पिशव्या वाजवत नाहीत आणि गाणं चालू असताना शेजाऱ्याला राग सांगत नाहीत. आदर्श प्रेक्षक हवा असेल तर भिंतीवर रंगवावा लागतो, हे त्या वास्तुरचनाकारानं ओळखलं होतं.

राग सांगणारे एक वेळ परवडले. ताल धरणारे नकोत. आपल्या बऱ्याच नाट्यगृहांत पाच-सहा खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेल्या असतात. टोकाच्या काकांनी मांडीवर ताल धरून पाय आपटायला सुरुवात केली की सम अख्ख्या रांगेला बसते. काका तालाचे पक्के असले तर मजा येते. पण एका प्रयोगाला आमचे काका झपतालाला केरवा धरून बसले होते. रंगमंचावर दहा मात्रा, खालून आठ. मध्यंतरात आमच्या रांगेतला प्रत्येक जण किंचित वाकडा चालत होता.

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल विनोद करवत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर, शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. एकाच आवारात एकीकडे तान आणि दुसरीकडे धोबीपछाड, आणि दाद देणारी माणसं तीच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथे पुन्हा खुर्च्या मांडल्या जातील तेव्हा पुढच्या डोक्याबद्दल मी तक्रार करणार नाही, निदान पहिल्या प्रयोगाला.

तर कुठली खुर्ची घ्यावी? माझा निकाल असा: पाचवी ते आठवी रांग, कडेच्या वाटेपासून दुसरी खुर्ची. पहिली घेऊ नये, कारण उशिरा येणाऱ्या प्रत्येकासाठी तिथल्या माणसाला उभं राहावं लागतं आणि प्रत्येक वेळी एक तान जाते. दुसऱ्या खुर्चीवरून विंग थोडी दिसते, साथीदारांचे हात दिसतात, आणि घटोत्कचाचा चहा किती उरलाय याचाही अंदाज येतो. नेपथ्य बघायचं असेल तर पडदा उघडताच पहिल्या मिनिटात बघून घ्या, पुढे दार अडकेपर्यंत ते विसरलात तरी चालेल. आणि एक विनंती. संगीत नाटक नांदीपासून सुरू होतं, आपल्या पार्किंगपासून नाही. बहुतेक वेळा सगळी पात्रं एकत्र उभी राहून एका सुरात गातात ती तेवढ्यापुरतीच, आणि नेमकं तेव्हाच निम्मं प्रेक्षागृह टॉर्च लावून रांगेचं अक्षर शोधत असतं. नांदी तिसऱ्या घंटेला लागूनच असते. दुसऱ्या घंटेला बसून घ्या.